अ‍ॅनीला सगळं माहीत होतं

ताई, नमस्कार.

माझा नवरा पशुवैद्य आहे. घरी तो कामाबद्दल फारसं बोलत नाही आणि मीही विचारत नाही. गेल्या आठवड्यात आम्ही दोघांनी 'पिअरपॉइंट' पाहिला, इंग्लंडमधल्या फाशी देणाऱ्या माणसावरचा. निवड त्याचीच होती. चित्रपट संपल्यावर तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "बायकोनं बरं केलं, काही विचारत बसली नाही." आणि झोपायला गेला.

तेव्हापासून मला चैन नाही. काही महिन्यांपूर्वी त्यानं त्याच्या जिवलग मित्राच्या कुत्र्याला इंजेक्शन देऊन झोपवलं. पिल्लू होतं तेव्हापासून तो त्याला बघत होता. मित्राकडे गेला की आधी कुत्र्याची गळाभेट, मग मित्राची. हे मला त्यानं सांगितलं नाही, मित्राच्या बायकोकडून कळलं. मला कळलंय हे मी त्याला दाखवलेलं नाही. त्यानंतर तो त्या घराची पायरी चढलेला नाही. रात्री उशिरापर्यंत जागा असतो.

त्या वाक्याचा अर्थ काय घेऊ? विचारू की गप्प राहू? चित्रपटात दाखवलंय ते खरं आहे का? आणि आमची चौदा वर्षांची मुलगी तो बघायचा हट्ट धरून बसली आहे, तिला दाखवावा का?

— गोंधळलेली

---

ताई म्हणालात, तर मोठ्या बहिणीच्या हक्कानं लिहिते. चित्रपट किती खरा, इथून सुरुवात करू, कारण तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर मला त्या माणसाच्या प्रत्यक्ष आयुष्यातच दिसतं.

अल्बर्ट पिअरपॉइंट १९०५ साली यॉर्कशरमध्ये जन्मला. वडील हेन्री फाशी देणारे, काका थॉमसही तेच करणारे. वडिलांचं नाव १९१० मध्ये सरकारी यादीतून काढलं गेलं, कारण ते तुरुंगात दारू पिऊन पोचले आणि मदतनिसाशी मारामारी केली. तरी पोराच्या मनातून ते काम गेलं नाही. शाळकरी वयातच त्यानं लिहून ठेवलं होतं की मोठेपणी मला सरकारी फाशी देणारा व्हायचंय. पोट मात्र किराणा माल पोचवण्यावर चालायचं. तिथे फाशी देणं ही पगारी नोकरी नव्हती. गृहखात्याकडे नावांची यादी असे. बोलावणं आलं की जायचं, कामापुरते पैसे घ्यायचे आणि परत किराण्याच्या फेरीवर. १९३२ मध्ये लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात प्रशिक्षण घेऊन तो यादीत आला, १९५६ मध्ये बाहेर पडला. तेवढ्या काळात चारशेहून अधिक माणसांना त्यानं फाशी दिली. त्यातले दोनशेच्या आसपास महायुद्धानंतरचे युद्धगुन्हेगार. १३ डिसेंबर १९४५ या एका दिवसात जर्मनीतल्या हॅमेलिनच्या तुरुंगात तेरा जण.

हा सांगाडा चित्रपटात बराचसा प्रामाणिकपणे आला आहे. २००५ सालचा हा चित्रपट एड्रियन शेरगोल्डनं केलाय आणि टिमथी स्पॉलनं अल्बर्ट उभा केलाय तो आधी हातांनी, मग चेहऱ्यानं. (अमेरिकेत तो 'द लास्ट हँगमन' या नावानं दाखवला गेला, ते मात्र साफ चूक. ब्रिटनमधल्या शेवटच्या फाशी १९६४ च्या ऑगस्टमधल्या. तेव्हा अल्बर्टला यादीबाहेर पडून आठ वर्षं झाली होती.)

तुमच्या नवऱ्याचं लक्ष कुठे खिळलं असेल याचा मला अंदाज आहे. फाशीपेक्षा फाशीच्या तयारीवर. आदल्या दिवशी कोठडीच्या दारातल्या छिद्रातून त्या माणसाला नुसतं पाहून घ्यायचं. अंगलट कशी आहे, मान कशी आहे. वजन आणि उंची कागदावर मिळते. त्यावरून दोर किती सोडायचा हे ठरतं. कमी सोडला तर माणूस गुदमरून तडफडत मरतो, जास्त सोडला तर मुंडकंच तुटतं. मधल्या नेमक्या लांबीला मान क्षणात मोडते. गृहखात्याचा त्यासाठी तक्ता होता. अनुभवी माणूस त्यात आपल्या नजरेनं कमीजास्त करी. रात्रभर वाळूची गोणी लटकवून दोर ताणून ठेवायचा. सकाळी कोठडीत शिरायचं, हात मागे बांधायचे, शेजारच्या खोलीत न्यायचं, पांढरी टोपी, दोर, खटका. दहा-बारा सेकंदांत सगळं आटोपायचं. अल्बर्टला या वेगाचा अभिमान होता आणि त्याच्या हिशेबात वेग म्हणजेच दया होती, कारण जितका वेळ लागेल तितकी त्या माणसाची भीती लांबते.

आता हे तुमच्या नवऱ्याच्या कामाशेजारी ठेवून बघा. आधी गुंगीचं औषध, जनावर शांत झालं की शीर शोधायची, एकाच टोचण्यात सापडली पाहिजे, हात हलता कामा नये. समोर मालक रडतोय, त्याच्यासाठी आवाज मऊ ठेवायचा. चांगलं केलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही की काही अवघड होतं. ज्या कामात कसब म्हणजे एखाद्या जिवाचा शेवट सुबक करणं, ते काम करणारा माणूस त्या कसबाबद्दल कुणाशी बोलणार? घरी येऊन "आज शीर पटकन सापडली" असं सांगायचं?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. तुमचा नवरा जल्लाद नाही. अल्बर्ट धडधाकट, जगू पाहणाऱ्या माणसांना मारत होता आणि त्यांतल्या काहींच्या बाबतीत न्याय चुकला होता. १९५० मध्ये त्यानं टिमथी इव्हान्सला फाशी दिली. तीन वर्षांनी त्याच घरात राहणाऱ्या ख्रिस्टीनं केलेले खून उघडकीला आले, तेव्हा ख्रिस्टीलाही अल्बर्टनंच फाशी दिली. इव्हान्सला माफी मिळाली १९६६ साली, मेल्यावर. १९५३ मध्ये अल्बर्टनंच फाशी दिलेल्या डेरेक बेंटलीची शिक्षा तर १९९८ मध्ये रद्द झाली. तुमचा नवरा असाध्य दुखण्यातून जनावराला सोडवतो. हे दोन्ही एकाच तागडीत घालू नका आणि त्यानं स्वतः घातलं तर तेही मान्य करू नका. पण त्याला पडद्यावर जे ओळखीचं वाटलं ते हे नव्हेच. त्याला दिसला असेल काम दाराबाहेर ठेवून घरात येणारा माणूस. चित्रपटात अल्बर्ट म्हणतो त्याचा अर्थ असा, की कोठडीत शिरताना मी अल्बर्ट पिअरपॉइंटला बाहेर ठेवून जातो. हा बाहेर ठेवलेला माणूस आणि आत गेलेला माणूस यांची गाठ पडू नये यावरच त्याचा सगळा संसार उभा आहे.

आणि आता अ‍ॅनी, अल्बर्टची बायको.

खऱ्या अ‍ॅनी फ्लेचरचं गोळ्या-बिस्किटं, तंबाखूचं दुकान होतं, अल्बर्ट काम करायचा त्या किराणा दुकानापासून दोन दुकानं सोडून. १९४३ मध्ये लग्न झालं, तेव्हा तो दहा वर्षांहून अधिक काळ हे काम करत होता. लग्नाआधी त्यानं तिला काही सांगितलं नाही. १९४४ च्या जानेवारीत दोन घातपात्यांना फाशी देण्यासाठी त्याला जिब्राल्टरला जावं लागलं. असा प्रवास किराण्याच्या नावाखाली खपणारा नव्हता, म्हणून शेवटी विषय निघाला. तेव्हा ती म्हणाली की मला पहिल्यापासून माहीत आहे. आजूबाजूच्या कुजबुजीतून तिच्या कानावर आलंच होतं.

आता तुमचं पत्र परत वाचा. तुम्हालाही बाहेरून कळलंय, तुम्हीही कळल्याचं दाखवलेलं नाही.

लोक अ‍ॅनीचं कौतुक करतात ते तिच्या गप्प राहण्याचं. मला त्या गप्प राहण्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. एक, तिनं खोदून विचारलं नाही. ती ठीकच. दुसरी, तिला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि तेवढा काळ तो माणूस स्वतःच्या घरात उगाचच पहारा देत राहिला. जे आधीच उघड झालंय ते लपवण्यात रोज थोडी शक्ती जाते. न विचारणं हा मान आहे. माहीत असून दाखवू न देणं हा मान नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

म्हणून "विचारू की गप्प राहू" या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर तिसरंच आहे. विचारू नका. सांगा. "तुझ्या मित्राच्या कुत्र्याचं मला कळलं होतं. तेव्हा काही बोलले नाही. तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण मला माहीत आहे." इतकंच, तुमच्या शब्दांत. आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत बसू नका. समोरासमोर बसून हे बोलण्यापेक्षा शेजारी-शेजारी असताना बोललेलं बरं, गाडीत, चालताना, कपड्यांच्या घड्या करताना. नजर चुकवायला जागा असली की माणूस जास्त बोलतो. तो "बरं" म्हणून विषय बदलेल, अशीही शक्यता आहे. बदलू द्या. तुमचं काम झालं असेल.

त्याच्या त्या वाक्याचा अर्थ लावायच्या भानगडीत मात्र पडू नका. "बायकोनं बरं केलं" ही ताकीद असू शकते, तक्रार असू शकते, आभारही असू शकतात आणि कदाचित त्याचं त्यालाही ठाऊक नसेल. तुम्ही अर्थ लावलात की तुम्ही त्या अर्थाशी बोलाल, त्याच्याशी नाही.

तो बोललाच, तर काय करू नये हे सांगते. "तू त्याची सुटकाच केलीस" असं म्हणू नका. हे वाक्य तो मालकांना जवळजवळ रोज ऐकवत असेल. त्याचं दुकानातलं वाक्य त्यालाच परत विकल्यासारखं होईल. इंजेक्शनबद्दल विचारू नका, कुत्र्याबद्दल विचारा. चप्पल पळवायचा का, कुणावर भुंकायचा, मित्राकडे गेल्यावर पहिल्यांदा काय करायचा. त्या प्रसंगात तो डॉक्टर म्हणून उभा राहिला, कारण कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं. पण ज्याच्या अंगावर तो कुत्रा उड्या मारायचा त्या माणसाला शोक करायची पाळी अजून आलेलीच नाही.

इथे चित्रपटातला टिशचा भाग आठवा, कारण मला वाटतं तुमच्या नवऱ्याला खरा चिमटा तिथेच बसला. ही गोष्टही घडलेली आहे. युद्धानंतर अल्बर्टनं ओल्डहॅमजवळ एक पब चालवायला घेतला. त्याचं नाव 'हेल्प द पुअर स्ट्रगलर', म्हणजे योगायोगाचीही कमाल. तिथे नेहमी येणारा जेम्स कॉर्बिट नावाचा एक गिऱ्हाईक होता. अल्बर्ट त्याला टिश म्हणायचा, तो अल्बर्टला टॉश. दोघं मिळून गाणी म्हणायचे. एका रात्री असंच गाणं म्हणून कॉर्बिट निघून गेला आणि मत्सरापायी त्यानं आपल्या प्रेयसीचा गळा आवळला. २८ नोव्हेंबर १९५० रोजी मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात त्याला फाशी दिली अल्बर्टनं. कोठडीत तो "हॅलो टॉश" म्हणाला, अल्बर्टनं त्याला "हॅलो टिश" म्हटलं आणि तेवढ्यानं तो सैलावला, असं अल्बर्टनं पुढे आत्मचरित्रात लिहिलं. फाशीच्या धाकानं खून थांबतात हे ज्याला पटत नव्हतं, त्याला याहून मोठा पुरावा कुठला मिळणार? ज्याच्या शेजारी उभं राहून खुद्द फाशी देणारा गात होता, त्यालाही धाक वाटला नाही.

पडद्यावर या प्रसंगानंतर अल्बर्ट आतून कोसळतो. प्रत्यक्षात काय झालं? प्रत्यक्षात तो पुढली पाचेक वर्षं काम करत राहिला. १९५५ च्या जुलैत रूथ एलिसला त्यानंच फाशी दिली, ब्रिटनमध्ये फाशी गेलेली ती शेवटची स्त्री. चित्रपट पाहून उठताना वाटतं की मन भरून आलं आणि त्यानं काम सोडलं. खरं कारण पैशाचं होतं. १९५६ च्या जानेवारीत तो एका फाशीसाठी स्ट्रेंजवेजला पोचला, ऐनवेळी कैद्याची शिक्षा माफ झाली आणि पंधरा पौंडांच्या मेहनतान्याऐवजी त्याला फक्त खर्चाचे पैसे मिळाले. पत्रापत्री झाली, चार पौंडांवर तडजोड देऊ केली गेली आणि फेब्रुवारीत त्यानं राजीनामा दिला. मला हा शेवट चित्रपटाच्या शेवटापेक्षा जास्त खरा वाटतो, आणि जास्त भयंकरही. अठरा वर्षं उलटल्यावर, १९७४ मध्ये, त्यानं लिहिलं की फाशीनं सूडापलीकडे काही साधत नाही. नंतर एका रेडिओ मुलाखतीत तो त्याही मतावर जरा डळमळला. माणसाचं असंच असतं. आतलं बाहेर यायला वर्षं लागतात आणि येतं तेव्हाही सरळ रेषेत येत नाही.

हे एवढं लांबण लावून सांगितलं कारण तुम्ही कदाचित एका मोठ्या प्रसंगाची वाट बघत असाल. नवरा एके रात्री ढसाढसा रडेल, मन मोकळं करेल, मग सगळं सुरळीत होईल. तसं न होण्याची शक्यताच जास्त. तो उद्याही कामाला जाईल आणि उद्याही कुणाचं तरी जनावर झोपवेल. त्याला बोलायला योग्य माणूस तुम्हीच असाल असंही नाही. दुसरा एखादा पशुवैद्य जास्त उपयोगी पडेल, ज्याला शीर न सापडणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. असा कुणी जुना सहाध्यायी असेल तर त्याला घरी बोलवा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. आणि त्या मित्राचं घर! तिथे जाणं त्यानं टाळलंय, पण मित्रालाही हा आपल्यामुळे तुटला असं वाटत असेल. मित्राच्या बायकोशी तुमचं बोलणं आहे. मित्रानंच एक फोन करावा, कुत्र्याचा विषय न काढता, एवढं तिच्या कानावर घालायला हरकत नाही.

एका बाबतीत मात्र मी तुम्हाला थांबायला सांगणार नाही. उशिरापर्यंत जागणं महिनोन्‌महिने चाललंय असं दिसतं. त्याच्या जोडीला पिणं वाढणं, चिडचिड, कशातच रस न उरणं, "माझ्याशिवाय तुमचं काही अडत नाही" अशी वाक्यं, यातलं काही दिसलं तर न विचारण्याचा नियम तिथे संपतो. पशुवैद्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचं अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलंय. ज्या औषधानं जनावर झोपवतात ते त्यांच्या हाताशी असतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. तेव्हा सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उत्तर "हो" असेल किंवा तुम्हाला टाळाटाळ वाटली, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या, त्याला एकटं सोडू नका आणि दवाखान्यातल्या त्या कपाटाची किल्ली काही काळ सहकाऱ्याकडे राहील असं बघा. तसं काही नसलं तरी झोपेसाठी म्हणून डॉक्टरांकडे जाणं योग्यच. "झोपेचं बघून येऊ" हे कारण पुरुषांना तुलनेनं सहज पचतं.

आणि तुमचं काय? त्यानं बोलायला सुरुवात केली तर रोज रात्री ऐकायला तुम्ही बांधील नाही. "आज मला झेपणार नाही, उद्या बोलू" असं म्हणायची मुभा तुम्हालाही आहे. फक्त उद्या खरंच विचारा.

मुलीबद्दल. चौदा वर्षांच्या मुलीला एकटीला हा चित्रपट मी दाखवणार नाही. फाशीचे प्रसंग एकामागून एक येतात, प्रेतं धुण्याची दृश्यं आहेत आणि त्यातला संथ कोरडेपणा त्या वयात रक्तापेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. पण नुसतं "नको" म्हटलंत तर ती मोबाइलवर बघेल. तेव्हा तुम्ही सोबत बसून दाखवा, घाई न करता, आणि आधी नवऱ्याशी ते वर सांगितलेलं वाक्य बोलून झालेलं असू द्या. बाबांनी हा चित्रपट का निवडला, हे ती पहिल्या अर्ध्या तासातच विचारेल. त्याचं उत्तर बाबांनाच द्यायचं असेल तर त्यांना देऊ द्या. नसेल, तर "बाबांच्या कामातही काही दिवस अवघड असतात" एवढं तुम्ही सांगितलंत तरी तिला पुरेल.